हळकुंडापासून पेशीपर्यंत



फाल्गुन लागला म्हणजे आमच्या पुसेगावच्या पंचक्रोशीत हळद शिजविण्याची धांदल उडते. हे पुसेगाव सेवागिरी महाराजांच्या यात्रेचे, साताऱ्याकडचे नव्हे. हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात जे आहे ते. खणून काढलेले गड्डे व हळकुंडे पूर्वी मोठाल्या कढयांतून शिजवीत. आता वाफेची यंत्रे थेट शेतावर येतात. शिजलेली हळद पुष्कळ दिवस उन्हात वाळते, मग ढोलात घोळून तिला झिलई देतात, आणि त्या दिवसांत माणसांच्या हातांपायांपासून धोतराच्या सोग्यापर्यंत सर्वत्र एकच रंग दिसतो. आमच्याच जिल्ह्यातील वसमतच्या हळदीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हापासून तर ह्या रंगाचा अभिमान अधिकच वाढला आहे.

अशा ह्या मुलखातील एका बाईंना हळदीनेच आजारी पाडले, असे मी म्हटले तर आपणांस ते खरे वाटणार नाही. मलाही वाटले नव्हते. त्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या मातोश्री. गुडघे धरतात म्हणून मुलाने शहरातून हळदीच्या अर्काच्या गोळ्या आणून दिल्या. दोनएक महिन्यांत त्यांचे डोळे पिवळे झाले, लघवी गडद होऊ लागली, अन्नावरची वासना उडाली. डॉक्टरांनी रक्त तपासून यकृतास सूज असल्याचे सांगितले, काविळीची नेहमीची कारणे एकेक करून बाजूस सारली आणि गोळ्या बंद करविल्या. काही आठवड्यांनी बाई बऱ्या झाल्या. परंतु मुलाच्या मनातील प्रश्न काही बरा झाला नाही. तो मजकडे येऊन म्हणाला, "गुरुजी, आईने जन्मभर हळद खाल्ली, तेव्हा काही झाले नाही. मग ह्या गोळ्यांनीच असे का व्हावे?"

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. तथापि विद्यार्थ्याला उत्तर देता येत नाही ही गोष्ट शिक्षकाला निवृत्तीनंतरही सुखाने झोपू देत नाही. म्हणून मी वाचू लागलो, आणि उत्तराच्या शोधात एक दोनशे वर्षांचा इतिहास हाती लागला. तोच आज आपणांपुढे ठेवतो.

प्रथम नावांचा खुलासा करणे अवश्य आहे. वनस्पती आपल्या अंगी जे अनेक रंग, कडवटपणा आणि तुरटपणा बाळगतात, त्यांपैकी पुष्कळसे फ्लेव्होनॉइड नावाच्या एका विस्तृत कुळातील पदार्थांमुळे येतात. मूळ शब्द लॅटिन असून त्याचा अर्थ 'पिवळा' असा आहे. आजवर ह्या कुळातील कित्येक हजार पदार्थ ओळखण्यात आले आहेत. कांद्याच्या पातीत नि वरच्या सालीत क्वेर्सेटिन आहे, जांभळाच्या जांभळेपणात, चहाच्या तुरटपणात, लिंबाच्या सालीच्या पांढऱ्या अस्तरात आणि सोयाबीनच्या दाण्यात ह्याच कुळातील निरनिराळी मंडळी आहेत. पळसाच्या फुलांपासून होळीचा रंग करतात, तो रंगही ह्याच घराण्यातला. हळदीतील कर्क्युमिन मात्र काटेकोरपणे पाहता ह्या कुळातले नाही. त्यास चुलत भावंड म्हणावे. वनस्पती दोन्ही पदार्थ एकाच प्रकारच्या कच्च्या मालापासून घडविते, आणि पॉलिफिनॉल ह्या मोठ्या गोत्रात दोघांचाही समावेश होतो. पुढे आपण पाहू की दोघांचे नशीबही सारखेच निघाले.

ह्या पदार्थांचा शास्त्रीय शोध सुरू झाला तो औषधासाठी नव्हे, कापड रंगविण्यासाठी. १८१५ साली फोगेल आणि पेल्तिए ह्या दोघांनी हळदीतून पिवळे द्रव्य वेगळे काढले व त्यास कर्क्युमिन हे नाव दिले. पेल्तिए ह्यांनीच पाच वर्षांनी एका सहकाऱ्यासमवेत सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन काढले. क्विनाइन जगभर गेले. कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या बाटलीतच राहिले, कारण रंग म्हणून ते कच्चे. आपल्या घरातील कोणत्याही गृहिणीला हे सांगावयास नको. पांढऱ्या कपड्यावर वरण सांडले तर डाग साबणाने प्रथम लाल होतो आणि मग उन्हात वाळत घातला की फिका पडून नाहीसा होतो. हळदीवर चुन्याचा संस्कार करून कुंकू करण्याची आपली जुनी रीत ह्याच गुणावर उभी आहे. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळविलेला कागद अल्काची परीक्षा करण्यास प्रयोगशाळांतून वापरीत असत, आणि मीही वर्गात वर्षानुवर्षे तो प्रयोग करून दाखवीत असे. मुलांना इतका आनंद दुसऱ्या कोणत्याही प्रयोगात होत नसे.

१८५६ साली इंग्लंडात विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने डांबरापासून जांभळा रंग बनविला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू केले. जगभरच्या वनस्पतिज रंगांचा धंदा त्यानंतर बसत गेला. नवलाची गोष्ट अशी की, त्यांचेच चिरंजीव आर्थर जॉर्ज पर्किन ह्यांनी आपले आयुष्य त्या मावळत्या वनस्पतिज रंगांची घडण उलगडण्यात घालविले. आपल्या पळसाच्या फुलांतील रंगाचे पृथक्करण त्यांनी १९०४ च्या सुमारास प्रसिद्ध केले. त्याच काळात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे स्तानिस्लाव्ह कोस्तानेत्स्की हे पोलिश रसायनज्ञ पिवळ्या रंगांचा सांगाडाच हुडकून काढीत होते. फ्लेव्होन कुळाची मूळ ठेवण त्यांनी निश्चित केली, १९०४ साली क्वेर्सेटिन प्रयोगशाळेत बनविले, आणि १९१० साली दोन सहकाऱ्यांसह कर्क्युमिनची रचना सांगितली. त्याच वर्षी ते वारले. कांद्याची साल आणि हळकुंड ह्या दोहोंचे गुपित एकाच माणसाच्या हातून उघडले जावे, हा योगायोग मला मोठा हृद्य वाटतो.

ह्या विद्येची एक शाखा लवकरच आपल्या मुंबईस आली. कृष्णस्वामी वेंकटरामन हे मूळचे मद्रासचे. मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन ह्यांच्या हाताखाली शिकून ते लाहोरास अध्यापक झाले. १९३३-३४ साली इंग्लंडात विल्सन बेकर ह्यांनी आणि इकडे वेंकटरामन ह्यांनी स्वतंत्रपणे फ्लेव्होन बनविण्याची एक सुलभ प्रक्रिया शोधून काढली. आजही रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ती दोघांच्या जोडनावानेच ओळखली जाते. १९३४ साली वेंकटरामन मुंबई विद्यापीठाच्या नव्यानेच निघालेल्या रसायन-तंत्रज्ञान विभागात आले, तो विभाग पुढे माटुंग्यास स्थिरावला, आणि गिरण्यांच्या ह्या शहराला रंगांचे शास्त्र शिकविण्यात त्यांची वीसहून अधिक वर्षे गेली. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले. तेथे त्यांनी फणसाच्या लाकडाचा पिच्छा पुरविला. फणसाचा गाभा पिवळाधमक असतो हे कोकणातील सुतारांना ठाऊक आहेच. पूर्वेकडील देशांत बौद्ध भिक्षूंची वस्त्रे त्याच रंगात रंगवीत. त्या पिवळेपणातून फ्लेव्होनॉइड कुळातील एकाहून एक नवे पदार्थ पुण्यास वेगळे काढण्यात आले. माटुंगा आणि पुणे ह्या दोन संस्थांची नावे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. हळदीच्या गोष्टीत ती पुन्हा येणार आहेत.

आता रंगाच्या दुकानातून आपण आजाऱ्याच्या खोलीत शिरू. हंगेरीत सेगेड नावाचे शहर आहे; तेथील लाल मिरची आपल्या लवंगी मिरचीइतकीच प्रसिद्ध. तेथील विद्यापीठात आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी हे शास्त्रज्ञ मिरचीतून क जीवनसत्त्व काढीत असत, आणि त्या कामासाठी १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. काही रोग्यांच्या केशवाहिन्या, म्हणजे केसाहून बारीक अशा रक्तनलिका, इतक्या दुबळ्या असतात की सहज धक्क्याने कातडीखाली रक्त साखळते. अशा रोगावर मिरचीचा व लिंबाचा अशुद्ध अर्क लागू पडला, परंतु शुद्ध क जीवनसत्त्व मात्र लागू पडले नाही असे त्यांना दिसले. तेव्हा गुण त्या 'मळात' असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी काढले. मळ तपासला तो फ्लेव्होनॉइड निघाला. १९३६ साली सेंट-ग्यॉर्गी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्या द्रव्यास 'पी जीवनसत्त्व' असे नाव देऊन टाकले.

जीवनसत्त्वांची त्या काळी अशी काही लाट होती की, नवे अक्षर निघाले म्हणजे औषधाच्या दुकानांत नवी बाटली हजर होई. पी जीवनसत्त्वाचेही तेच झाले. परंतु जीवनसत्त्वाची कसोटी कडक आहे. ते अन्नातून वगळले असता ठराविक रोग झाला पाहिजे आणि परत दिले असता तो बरा झाला पाहिजे. पुढील प्रयोगांत हे सिद्ध होईना. फ्लेव्होनॉइड न मिळाल्याने कोणाला विशिष्ट रोग जडला असे दाखविता येईना. अखेर १९५० साली अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने हे नाव सोडून द्यावे अशी शिफारस केली. सेंट-ग्यॉर्गींना ह्याबद्दल कमी लेखण्याचे कारण नाही. अशुद्ध अर्क शुद्धाहून सरस ठरू शकतो हे निरीक्षण मोलाचेच होते. मात्र त्या मिश्रणातून एकच पदार्थ उचलून त्याच्या डोक्यावर सर्व श्रेयाचा मुकुट ठेवण्याची घाई झाली, आणि ती घाई ह्या इतिहासात पुन:पुन्हा झालेली दिसते.

हे पदार्थ निरुपद्रवी असतात, अशीही एक समजूत होती. तिला धक्का दिला तो मेंढ्यांनी. पश्चिम ऑस्ट्रेलियात एका जातीच्या क्लोव्हर गवताची, म्हणजे आपल्या मेथीघासासारख्या द्विदल चाऱ्याची, कुरणे मोठ्या प्रमाणावर लावण्यात आली होती. त्यांवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. १९४६ साली तेथील पशुवैद्यांनी हा रोग वर्णन केला आणि त्याचे मूळ त्या गवतात असल्याचे दाखविले. पुढे कळले की गवतातील फ्लेव्होनॉइड कुळातील एक पदार्थ मेंढीच्या पोटातील जंतूंच्या क्रियेने असे रूप घेतो की, शरीरातील पेशींना तो स्त्रीबीजकोशातून येणारा संप्रेरकच वाटतो. कुलपात दुसऱ्याचीच किल्ली फिरावी, तसा हा प्रकार. सोयाबीनमध्येही त्याच जातीचे पदार्थ आहेत, आणि आमच्या जिल्ह्यात पावसाळ्यात जिकडे पाहावे तिकडे सोयाबीनच असते. म्हणून सोयाबीनच्या वड्या खाणाऱ्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. ती मेंढी दिवसभर तेच आणि तेवढेच खात होती; चीन-जपानची माणसे शतकानुशतके माफक सोयाबीन खात आली आहेत. शिवाय ह्या पदार्थांचे ते प्रभावी रूप काही माणसांच्याच आतड्यांत तयार होते, सर्वांच्या नाही. एकच घास दोघांनी खाल्ला तरी दोघांच्या पेशींपर्यंत एकच गोष्ट पोहोचते असे नाही.

वनस्पती हे पदार्थ मुळात करते तरी कशासाठी? आपल्यासाठी खासच नव्हे. कडक उन्हातील घातक किरण अडविण्यासाठी, किडीला कडू लागण्यासाठी, मधमाशीला बोलाविण्यासाठी ती ते करते. हरभऱ्याचे किंवा तुरीचे रोप उपटले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्या गाठींतील जंतू हवेतील नत्र बांधून देतात. त्या जंतूंना मातीतून हाक मारण्याचे कामही मुळातून पाझरणारे फ्लेव्होनॉइडच करतात, हे १९८६ साली उघडकीस आले. मी चाळीस वर्षे ह्याच रानांतून ये-जा केली. पायाखाली असे संभाषण चालले असेल ही कल्पनाही नव्हती.

१९५० नंतर ह्या विषयाकडे वैद्यकाचे फारसे लक्ष राहिले नाही. ते पुन्हा वळले १९९३ साली. हॉलंडमधील झुटफेन ह्या गावी ६५ ते ८४ वयाच्या ८०५ पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवून पाच वर्षे त्यांची पाहणी करण्यात आली. ज्यांच्या आहारात फ्लेव्होनॉइड सर्वाधिक, त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत कमी आहार असलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी निघाले. ते फ्लेव्होनॉइड येत होते मुख्यत: चहा, कांदा आणि सफरचंद ह्यांतून. कांदा-भाकरीवर जगणाऱ्या महाराष्ट्राला ही वार्ता गोड वाटावी ह्यात नवल नाही. परंतु अशा पाहणीत एक पळवाट राहतेच: कांदा व फळे अधिक खाणारा मनुष्य इतर बाबतींतही सावधपणे वागत असेल, तर श्रेय कांद्याचे की सावधपणाचे? त्या पाहणीत अशा गोष्टींची वजाबाकी करण्याचा यत्न होता. तरी ती वजाबाकी कधीच पुरी होत नाही.

ह्याच सुमारास 'अँटिऑक्सिडंट' हा शब्द घरोघर पोहोचला. शरीरात श्वसनाच्या ओघात काही उच्छृंखल रेणू निर्माण होतात, ते पेशींना इजा करतात, आणि फ्लेव्होनॉइड त्यांना निष्प्रभ करतात, असा तो सिद्धान्त. परीक्षानळीत हे अगदी खरे ठरते. पण परीक्षानळीला यकृत नसते, ही अडचण! आपण खाल्लेले फ्लेव्होनॉइड आणि कर्क्युमिन ह्यांना शरीर परकी वस्तू समजते. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्यांच्या गळ्यात साखरेची अगर गंधकाची चिठ्ठी अडकवून त्यांना लघवीच्या वा पित्ताच्या वाटेने बाहेर काढले जाते. रक्तात उरते ते अत्यल्प, आणि तेही बदललेल्या रूपात. एवढ्याशा मालाने रक्तातील सर्व उच्छृंखल रेणूंशी सामना देणे शक्य नाही. पदार्थांना अशा गुणांचे क्रमांक देणारा तक्ता अमेरिकेच्या शेतकी खात्याने प्रसिद्ध केला होता. व्यापारी त्याचा दुरुपयोग करतात आणि शरीरातील परिणामाशी त्या आकड्यांचा संबंध लागत नाही, असे सांगून त्याच खात्याने तो २०१२ साली मागे घेतला.

मग ह्या पदार्थांचा पेशीवर काहीच परिणाम नाही काय? आहे, परंतु तो वेगळ्या मार्गाने होत असावा असे आता दिसते. प्रत्येक पेशीत स्वसंरक्षणाचे एक शस्त्रागार असते आणि त्याची किल्ली असलेले एक प्रथिन पहारेकरी दुसऱ्या प्रथिनाने धरून ठेवलेले असते. जपानी शास्त्रज्ञांनी ही व्यवस्था १९९९ साली स्पष्ट केली. कर्क्युमिनसारखा थोडासा त्रासदायक पदार्थ त्या पहारेकऱ्याला डिवचतो. त्याची पकड सुटते. सुटलेले प्रथिन पेशीच्या केंद्रात जाऊन शस्त्रागार उघडते, आणि पेशी स्वत:ची शुद्धिद्रव्ये स्वत:च बनवू लागते. म्हणजे हा पदार्थ स्वत: लढत नाही, तो पेशीला खडबडून जागे करतो. ह्याखेरीज चहा-कोको ह्यांतील काही फ्लेव्होनॉइड रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला उत्तेजन देऊन त्या किंचित सैल करतात, आणि रक्तदाब थोडासा उतरतो. २०२२ साली अमेरिकेत २१ हजारांहून अधिक वृद्धांवर कोकोच्या अर्काचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. हृदयविकाराच्या व तत्सम सर्व घटना मिळून झालेली घट निर्णायक ठरली नाही; हृद्रोगाने होणारे मृत्यू मात्र कमी दिसले. आशा ठेवावी इतके त्यात आहे, जाहिरात करावी इतके नाही.

आता हळदीकडे परत येतो. १९९५ च्या मार्चमध्ये अमेरिकेतील एका विद्यापीठास, हळद लावून जखम बरी करण्याच्या उपायाबद्दल पेटंट मिळाले. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे होते. ही बातमी इकडे आली तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, जन्माने गोव्यातील माशेलचे, शिक्षणाने माटुंग्याच्या त्याच रसायन-तंत्रज्ञान विभागाचे आणि त्याआधी पुण्याच्या त्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. १९९६ साली परिषदेने फेरतपासणीची मागणी केली आणि तीसहून अधिक जुने आधार, त्यांत संस्कृत व उर्दू ग्रंथ आणि १९५३ सालचा एक भारतीय वैद्यकीय निबंध, पुढे मांडले. १९९७ साली ते दावे फेटाळण्यात आले. पुढे अशा जुन्या ज्ञानाचा कोश करण्याचे काम २००१ साली हाती घेण्यात आले, ते ह्याच अनुभवातून.

आम्ही त्या वेळी शाळेत पेढे वाटले होते, आणि ते योग्यच होते. परंतु एक गोष्ट त्या आनंदात निसटली. पेटंट रद्द झाले ते हा उपाय नवा नाही म्हणून. हळदीने जखम बरी होतेच, असा निवाडा त्या कचेरीने दिलेला नव्हता. तो प्रश्न तिच्यापुढे नव्हताच. लोकांनी मात्र त्याचा अर्थ 'अमेरिकेनेही हळदीचे औषधी गुण मान्य केले' असा घेतला, आणि पुढील वीस वर्षांत हळदीच्या गोळ्यांचा जो बाजार फोफावला त्याला ह्या समजुतीचे पाठबळ मिळाले असे माझे मत आहे. शास्त्रज्ञांनीही भर घातलीच. परीक्षानळीत कर्क्युमिन जवळजवळ प्रत्येक रोगावर गुणकारी दिसे. ह्याचे कारण २०१७ साली एका अमेरिकन रसायनशास्त्रीय समालोचनात उलगडून सांगितले आहे: हा रेणू अस्थिर आहे, तो दिसेल त्या प्रथिनाला चिकटतो, शिवाय स्वत: रंगीत व चमकणारा असल्यामुळे तपासणीच्या यंत्रालाही फसवितो. शंभराहून अधिक मानवी चाचण्या पाहूनही, खरी व खोटी गोळी कोणाला दिली हे दोन्ही पक्षांस न कळविता केलेली आणि निर्विवाद यशस्वी ठरलेली एकही चाचणी त्या लेखकांना आढळली नाही.

कर्क्युमिन शरीरात टिकत नाही ह्यावरही उपाय निघाला, आणि तो निघाला बंगळुरात. १९९८ साली तेथील संशोधकांनी दाखविले की, दोन ग्रॅम कर्क्युमिन नुसते दिले तर माणसाच्या रक्तात ते जवळजवळ सापडतच नाही. परंतु त्याबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्याचा तिखट अंश, दिला तर ते सुमारे वीसपट अधिक पोहोचते. मिऱ्याचा हा अंश आतड्यातील व यकृतातील त्या चिठ्ठी अडकविणाऱ्या कारकुनांना काही काळ काम करू देत नाही. संशोधन उत्तम आणि प्रामाणिक. पण ते कारकून तेथे बसलेले असतात ते उगीच काय? २०१९ साली इटलीत हळदीच्या अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांत यकृतदाहाच्या अनेक घटना आढळल्या. २०२२ साली अमेरिकेतूनही तशाच घटना प्रसिद्ध झाल्या, आणि विशिष्ट आनुवंशिक ठेवण असलेल्या माणसांना हा धोका अधिक असल्याचे दिसून आले.

माझ्या विद्यार्थ्याने गोळ्यांची अर्धी उरलेली बाटली आणून माझ्यापुढे ठेवली होती. भिंग घेऊन मी तिच्यावरील बारीक अक्षरे वाचली. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कर्क्युमिन, आणि शेवटच्या ओळीत मिऱ्याचा अर्क. दिवसाला दोन गोळ्या. हळदीच्या भुकटीत कर्क्युमिन साधारण शेकडा ३ भाग असते. म्हणजे बाईंच्या पोटात रोज तीस-पस्तीस ग्रॅम हळदीतील कर्क्युमिन जात होते, आणि तेही पहाऱ्यावरच्या कारकुनांना बाजूस सारून. वरणात आपण टाकतो ती चिमूटभर. मी त्याला कागदावर हा हिशेब मांडून दाखविला. तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला, आणि म्हणाला, "म्हणजे ती हळद नव्हतीच, गुरुजी." माझेही मत तेच आहे. ते औषध होते, आणि औषधासारखे वैद्याला विचारून, रक्त तपासून द्यावयास हवे होते.

जाता जाता दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली आमच्या बाजाराची. हळदीचा भाव रंगावर ठरतो, आणि म्हणून काही ठिकाणी झिलई देताना शिशाचे पिवळे रंगद्रव्य चोळण्याचा दुष्ट प्रकार चालतो. बांगलादेशात २०१९ साली संशोधकांनी हे सप्रमाण उघडकीस आणले, सरकारने कडक तपासणी केली, आणि दोनएक वर्षांत तेथील प्रकार जवळजवळ थांबला. शिसे मुलांच्या मेंदूस कायमचे अपाय करते. घरी हळकुंडे आणून दळून घेणाऱ्याने डोळ्यांत भरेल अशा अतिपिवळ्या झिलईचा मोह धरू नये.

दुसरी गोष्ट चहाची. चहातील ह्याच कुळाचे तुरट पदार्थ अन्नातील लोहाला पोटात बांधून टाकतात. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी मोजून दाखविले की, पावाबरोबर चहा घेतला असता पावातील लोहाचे शोषण सुमारे एक तृतीयांशावर येते. मांसातील लोहाला ह्याची बाधा कमी. पण ज्वारी, डाळ आणि पालेभाजी ह्यांवर राहणाऱ्या आपल्या बायकांच्या अंगी रक्त कमी असते, त्यांना ही बाधा पुरती होते. लिंबाची फोड पानात असली तर क जीवनसत्त्वामुळे उलट मदत होते. आमच्याकडे पाहुणा जेवून उठला की हात पुसण्यापूर्वी चहाचा कप पुढे येतो, आणि घरातील सुनेचा कप त्याच किटलीतील असतो. त्या बाईंच्या घरी मी गेल्या महिन्यात जेवावयास गेलो होतो. वरण होते, कांदा होता, हळद होती, लिंबू होते. चहा मी तासाभराने घेईन म्हणून सांगितले, आणि सुनेलाही तेव्हाच घ्यावयास सांगितले. तोपर्यंत आम्ही अंगणात वाळत घातलेली हळकुंडे उलथीत बसलो.